अंगठा लागत नाही तेव्हा

आज ज्या यंत्राबद्दल बोलायचं आहे ते तुमच्यापैकी प्रत्येकीने हाताळलेलं आहे. रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन. दुकानदार कार्डाचा नंबर घालतो, यादीतलं नाव निवडतो आणि म्हणतो, "लावा बोट." बहुतेकींचं काम मिनिटात होतं, पावती बाहेर येते, पिशवी पुढे करायची. पण प्रत्येक रांगेत एकदोघी अशा असतातच. "मावशी, थम लागत नाही. पदराला पुसून लावा. आता दुसरा अंगठा. अजून एकदा. नाही होत, उद्या या." उद्या या म्हणजे आणखी अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. आणि घरी जाताना ती मावशी शेजारणीला सांगते, "काय करणार, माझा हातच खराब झालाय."

या एका वाक्यासाठी आजचं बोलणं आहे. कारण हात खराब नाही. हात कामाचा आहे, आणि यंत्राला कामाचा हात नीट वाचता येत नाही. या दोन गोष्टींत फार फरक आहे. दोष हाताचा मानला तर बाई गप्प घरी जाते. अडचण यंत्राची आहे हे कळलं तर ती विचारते, "मग दुसरी सोय काय?" आणि दुसरी सोय आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी हे यंत्र आतून कसं चालतं ते समजून घेऊ.

आपल्या बोटांच्या टोकांवर बारीक रेषा असतात. नांगरलेल्या शेतात सऱ्या आणि वरंबे असतात ना, तशा. उंच भाग आणि खोल भाग. बाळ आईच्या पोटात असतानाच या रेषा तयार होतात आणि त्यांची नक्षी जन्मभर तीच राहते. जुळ्या बहिणींच्यासुद्धा वेगळ्या असतात. बोटांवरून माणूस ओळखायची पद्धत शास्त्रशुद्ध करण्यात आपल्या देशाचा मोठा हात आहे. कलकत्त्यात १८९७ साली ठसे जपून ठेवायची कचेरी सुरू झाली. हजारो ठशांमधून हवा तो ठसा पटकन कसा शोधायचा, याचं गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अंमलदारांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र पडलं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. बाकी आपल्याकडे 'अंगठाछाप' ही शिवीच होती. ज्या आजीने सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवला तिला लोक अंगठेबहाद्दर म्हणायचे. आता मोठमोठे साहेबसुद्धा कचेरीत शिरताना बोट लावूनच हजेरी देतात, ती गोष्ट वेगळी.

मशीनच्या काचेवर तुम्ही बोट ठेवता तेव्हा बऱ्याच मशीनमध्ये खालून उजेड पडतो. रेषेचा उंच भाग काचेला टेकतो, खोल भाग टेकत नाही. टेकलेल्या आणि न टेकलेल्या जागांवरून उजेड वेगवेगळा परततो आणि त्यावरून रेषांचं चित्र तयार होतं. मग यंत्र त्या चित्रात खुणा शोधतं. एखादी रेषा कुठे संपते, एखादीला कुठे फाटा फुटतो. पायवाटेला फाटा फुटतो तसा. अशा कितीतरी खुणा, त्यांच्या जागा आणि दिशा, यांची यंत्र नोंद करतं. ही नोंद कुलूपबंद होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात, आधारच्या मोठ्या संगणकांकडे जाते. तिथे तुमच्या आधार क्रमांकापुढे नोंदणीच्या वेळचे दहा बोटांचे ठसे ठेवलेले असतात. त्यांच्याशी ती पडताळली जाते आणि उत्तर येतं, हो किंवा नाही.

आता बघा, कामाच्या हाताचं इथे काय होतं. खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोडणी, वीटभट्टी, राखेने नाही तर सोड्याने घासलेली भांडी, गोठ्यातलं शेण, विडीचा तंबाखू. या सगळ्याने रेषांचे उंच भाग झिजतात. कातडी कोरडी पडली तर उंच भाग काचेला पुरता टेकतच नाही, आणि सलग असलेली रेषा चित्रात तुटक दिसते. यंत्राला वाटतं, इथे रेषा संपली. म्हणजे नसलेली खूण त्याने मोजली. बोटाला भेग असेल तर पाच-सहा रेषा एकदम कापल्यासारख्या दिसतात. बोट ओलं किंवा घामेजलेलं असेल तर उलटं होतं, शेजारशेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात. वय वाढलं की कातडी सैल पडते आणि रेषा सपाट होत जातात. म्हणून तरण्या सुनेचा अंगठा लागतो आणि सासूबाईंचा लागत नाही. मूळ नक्षी कातडीच्या आतल्या थरात शाबूत असते. हाताला काही दिवस विसावा मिळाला तर ती वर पुन्हा उमटते. पण सुगीच्या दिवसांत हाताला विसावा कोण देणार?

यात आपल्या बाजूने गुंता वाढवणारी एक गोष्ट आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव लावायला सांगितलं. फार चांगली गोष्ट. देशातलं पहिलं आधारसुद्धा बाईलाच मिळालं, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. पण घरातली सगळ्यात मोठी बाई म्हणजे सगळ्यात जास्त वर्षं राबलेला हात. मानाने नाव वर आलं, आणि यंत्रासमोर नेमका तोच हात अडला.

यंत्र जुळवणी कशी करतं, हे तर ऐकण्यासारखं आहे. तुमचा आजचा ठसा आणि नोंदणीचा ठसा तंतोतंत सारखे कधीच नसतात. बोट जरा तिरकं पडतं, दाब कमी-जास्त होतो. म्हणून संगणक दोन्ही ठशांचं साम्य किती, याचे गुण काढतो आणि ठरलेल्या रेषेच्या वर गुण असतील तर 'हो' म्हणतो. परीक्षेत पास व्हायला ३५ लागतात तसं. ही पासाची रेषा माणसांनीच ठरवलेली असते. ती वर नेली तर दुसऱ्याच्या नावावर बोट लावणारा भामटा अडतो, पण काही खऱ्या बायकाही अडतात. खाली आणली तर खऱ्या बायका सुटतात, पण भामट्यालाही वाट मिळते. पिठाच्या चाळणीसारखंच. जाळी बारीक घेतली तर कोंडा येत नाही, पण थोडं पीठही वरच राहतं. एकही चूक न करणारी चाळण अजून कुणी बनवलेली नाही. मग प्रश्न उरतो तो असा की वर राहिलेल्या पिठाचं काय करायचं. शहाणी बाई ते फेकून देत नाही.

वर किती राहतं, याचा एक आकडा सांगते. २०१८ साली आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयासमोर जी माहिती मांडली तिच्यात ठसा न जुळण्याचं देशभरातलं प्रमाण सुमारे ६ टक्के होतं आणि डोळ्याच्या बुबुळाचं ८ टक्क्यांच्या वर. ६ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण शंभर वेळा बोट लावलं तर सहा वेळा 'नाही' येतं, आणि ते 'नाही' सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. बँकेच्या साहेबाचं बोट दर वेळी लागतं. त्याच त्या मावशीचं दर वेळी अडतं.

याचा माणसांवर काय परिणाम होतो, ते मोजणारं मोठं संशोधन झारखंडमध्ये झालं. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी ते केलं. सरकार रेशन दुकानांत ठशाचं मशीन आणणारच होतं. त्यांनी सरकारच्या संमतीने एक केलं. कुठल्या भागात मशीन आधी आणायचं आणि कुठे मागून, ते आपण भिशीत चिठ्ठी काढतो तसं चिठ्ठीवर ठरवलं. का? तर दोन्हीकडची माणसं सारखीच असावीत आणि फरक पडलाच तर तो मशीनमुळेच पडला असं म्हणता यावं. दीड कोटी लाभार्थी असलेल्या भागात हे झालं. मग घरोघर जाऊन विचारलं, धान्य किती मिळालं, किती फेऱ्या झाल्या.

काय दिसलं? नुसतं मशीन आणल्याने धान्याची गळती थांबली नाही. लोकांच्या फेऱ्या आणि खर्च थोडा वाढला. आणि ज्या घरांचं आधार आधीपासून रेशनकार्डाला जोडलेलं नव्हतं, त्यांना मिळणारा लाभ सरासरी १० टक्क्यांनी घटला. पुढे सरकारने मशीनमधल्या नोंदी बघून दुकानदाराच्या हिशेबाची कसून तपासणी सुरू केली तेव्हा गळती बरीच कमी झाली. पण त्याबरोबर कार्डधारकांच्या हाती पडणारं धान्यही घटलं. म्हणजे उंदीर पकडले, पण पोतंही थोडं सांडलं. मला या संशोधनाचं मोल वाटतं ते यासाठी की त्यांनी मशीन किती वेगाने चालतं एवढंच मोजलं नाही, पिशवीत काय पडलं ते मोजलं. हिशेब असा पिशवीपासून सुरू व्हायला हवा.

त्याच झारखंडमध्ये, सिमडेगा जिल्ह्यात, सप्टेंबर २०१७ मध्ये ११ वर्षांची एक मुलगी दगावली. घरचं रेशनकार्ड रद्द झालं होतं. कुटुंबाचं म्हणणं, आधार जोडलं नाही म्हणून कार्ड गेलं आणि पोर भुकेने गेली. सरकारी बाजूने आजारपणाचं कारण सांगितलं गेलं. देशभर गदारोळ झाला. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न विभागाने सर्व राज्यांना लेखी सूचना पाठवल्या. तुम्हाला लक्षात ठेवायची ती हीच तारीख. आधार नाही म्हणून पात्र कुटुंबाचं नाव यादीतून काढायचं नाही. आणि ठसा जुळत नसेल, जोडणीला रेंज नसेल किंवा आणखी काही तांत्रिक अडचण असेल, तर रेशनकार्ड आणि ओळखीचा कागद बघून धान्य द्यायचं आणि अशा वाटपाची वेगळ्या नोंदवहीत नोंद ठेवायची. पुढे २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याचा निकाल दिला. योजनांसाठी आधार मागायला परवानगी दिली. पण ठसा जुळला नाही म्हणून कुणाचा हक्काचा लाभ अडवता येणार नाही, ही सरकारची ग्वाहीही नोंदवून घेतली.

म्हणून दुकानात 'उद्या या' ऐकलं की लगेच पिशवी उचलू नका. आधी विचारा, "दादा, पडद्यावर काय आलंय?" कारण प्रत्येक 'नाही'चं कारण वेगळं असतं. रेंज नसेल तर तुमच्या बोटाचा संबंधच नाही, ते लावत बसून उपयोग नाही. ३०० असा आकडा आला तर ठसा जुळला नाही. ३३० आला तर तुमचे ठसे आधारमध्ये बंद करून ठेवलेले आहेत, घरातल्या कुणी मोबाईलवरून कुलूप घातलं असेल तर ते उघडावं लागेल. ८११ आला तर आधारकडे तुमच्या ठशांची नोंदच नाही, आणि मग आधार केंद्रातच जावं लागेल. दुकानदारालाही हे आकडे पाठ असतीलच असं नाही. त्याच्यावर ओरडू नका, आकडा विचारा.

ठसा जुळत नसेल तर हे करून बघा. हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. आधीच्या रात्री बोटांना खोबरेल तेल चोळलं तर सकाळी कातडी मऊ असते. पण दुकानात जाताना तेलकट बोट नको, काच माखते आणि तुमच्या मागच्या बाईचाही ठसा बिघडतो. ती काच कोरड्या फडक्याने पुसायला सांगा. सकाळपासून शंभर जणींची बोटं तिच्यावर पडलेली असतात. बोटाचं टोक टेकवू नका, नखाखालचा फुगीर भाग सपाट ठेवा, आणि दाबू नका. दाबलं की रेषा पसरतात. आणि अंगठ्याचाच हट्ट सोडा. नोंदणीला दहाही बोटं घेतलेली आहेत. कामाला अंगठा आणि तर्जनी सगळ्यात जास्त लागतात, म्हणून तीच जास्त झिजतात. मधलं किंवा अनामिका लावून बघा, डाव्या हाताची बोटंही लावून बघा. जे बोट लागलं ते लक्षात ठेवा. कार्डात नाव असलेलं आणि आधार जोडलेलं घरातलं दुसरं माणूसही बोट लावू शकतं. बऱ्याच दुकानांत आता डोळ्यावरून ओळखायचं यंत्रही आलंय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वतीने दुसऱ्याने धान्य न्यायची सोयही असते, तिला नॉमिनी म्हणतात. तीही विचारा.

यातलं काहीच चाललं नाही तर मग नोंदवहीची गोष्ट काढा. "वहीत नोंद करून धान्य द्या" असं शांतपणे सांगा. एकटीने सांगायला अवघड जातं, म्हणून गटातल्या दोघीजणी बरोबर गेलेल्या बऱ्या. तरी नाहीच दिलं तर १९६७ या रेशनच्या हेल्पलाईनला फोन करा आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. अन्न सुरक्षा कायद्यात, हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागण्याची तरतूद आहे, हेही अर्जात लिहा. आधारबद्दलच्या तक्रारीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

यंत्र नकोच, असं मी म्हणत नाही. बीडची ऊसतोड कामगार बाई कोल्हापूर जिल्ह्यात किंवा कर्नाटकात गेली तरी तिथल्या दुकानात तिचं धान्य उचलू शकते, ते या मशीनमुळेच. आणि पूर्वी आपल्या नावावर धान्य उचललं गेलेलं आपल्याला कळतही नव्हतं. आता पावती निघते. ती पावती मागून घ्या, किलो वाचून घ्या. लिहितावाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या.

गावात पैसे काढायला अंगठा लावतो तिथे तर जास्तच जपायचं. ठशाची नक्कल करून खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार झाले. म्हणून बोट जिवंत माणसाचं आहे की नकली, हे ओळखायची नवी तपासणी २०२३ मध्ये आधारने आणली. पण ती तपासणी तुमच्या बोटाची करते, समोरच्या माणसाच्या नियतीची नाही. "एकदा लागलं नाही, परत लावा" असं म्हणून कुणी तीनदा बोट लावून घेत असेल तर दर वेळी विचारा, आधीचा व्यवहार झाला का? पासबुक भरून बघा.

आता चेहऱ्याचं. अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी जुलै २०२५ पासून चेहरा मोबाईलसमोर धरावा लागतो. त्यावरून अमेरिकेतलं एक संशोधन सांगते. जॉय बुओलामविनी ही तिथल्या एमआयटी संस्थेतली कृष्णवर्णीय तरुणी. एका संगणकाला तिचा चेहरा दिसेचना, पांढरा मुखवटा घातल्यावर मात्र दिसला. तिने ते मनावर घेतलं. टिमनिट गेब्रू या दुसऱ्या संशोधिकेबरोबर तिने तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. चेहरा बघून बाई की पुरुष एवढंच सांगायचं होतं. २०१८ साली निकाल आला. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकाहून कमी, आणि सावळ्या बायकांच्या बाबतीत एका यंत्रणेची चूक शंभरात ३४ च्या वर. ही यंत्रणा अंगणवाडीतल्या ॲपपेक्षा वेगळी आहे, तिचे आकडे आपल्याला लावता येणार नाहीत. पण विचारायचा प्रश्न तिथून उचलता येतो. यंत्र कुणाच्या चेहऱ्यांवर, कुणाच्या हातांवर तपासलं? निकाल छापून आल्यावर त्या कंपन्यांना आपापल्या यंत्रणा सुधाराव्या लागल्या.

आपल्या गटातही हे होऊ शकतं, आणि त्याला संगणक लागत नाही. बचतीच्या वहीशेजारी एक शंभर पानी वही ठेवा. महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचं, रेशनला किती फेऱ्या झाल्या, कुठलं बोट लागलं, पडद्यावर कुठला आकडा आला, धान्य मिळालं की नाही, किती किलो. सहा महिन्यांनी ती वही घेऊन ग्रामसभेत आणि तहसीलला जा. 'माझा अंगठा लागत नाही' हे एका बाईचं रडगाणं म्हणून सोडून देतात. 'आमच्या गटातल्या १४ जणींपैकी ५ जणींना दोन-दोन फेऱ्या पडल्या, तारखा या' असं म्हटलं की साहेबाला खुर्ची पुढे ओढावी लागते.

वहीत नावं लिहा, तारखा लिहा, किलो लिहा. आधार क्रमांक मात्र लिहू नका, आणि ती वही कुणाला फोटो काढायला देऊ नका.